जर, तर आणि तरच

मृगाच्या आगेमागे विदर्भातल्या शेतकऱ्याला एक सल्ला दरसाल मिळतो. कृषी विभाग देतो, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ देते: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नये. वाक्य साधे आहे, एकही अवघड शब्द त्यात नाही. तरी ते दोन तऱ्हांनी ऐकले जाते. कुणाला ऐकू येते, 'एवढा पाऊस झाला तरच पेरा.' कुणाला ऐकू येते, 'एवढा पाऊस झाला की पेरा, मग चिंता नाही.' पहिल्या ऐकण्यात पाऊस ही पेरणीची आवश्यक अट आहे. दुसऱ्यात ती पुरेशी अट होऊन बसली. सल्ला देणाऱ्याने पहिली गोष्ट सांगितली होती. दुसरी ऐकणाऱ्याच्या मनात तयार झाली. मग शंभर मिलिमीटरवर पेरून पुढे पावसाचा खंड पडला की दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच डोक्यावर बसतो. बांधावर तर एवढेच म्हणतात: 'पानी आला त पेरतो.' त्यात अट आवश्यक की पुरेशी, हे विचारायला कुणाला सवड नसते.

हे पुस्तक अशा वाक्यांबद्दल आहे. नववीच्या भूमितीत त्यांना सशर्त विधाने म्हणतात. 'जर' नंतर येते ते पूर्वांग, 'तर' नंतर येते ते उत्तरांग. बारावीच्या विज्ञान शाखेतल्या गणिताचे पहिलेच प्रकरण तर्कशास्त्राचे आहे, आणि कला शाखेत तर्कशास्त्र हा स्वतंत्र विषय घेता येतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलामुलींची या विषयाशी कुठे ना कुठे गाठ पडते. पण ती गाठ कोष्टकापुरती राहते. खऱ्या-खोट्याच्या चार ओळी पाठ होतात, पेपरात चार गुण मिळतात, आणि घरी आल्यावर तोच मुलगा आजीशी वाद घालताना ती कोष्टके कपाटात ठेवून देतो. यात चूक मुलाची नाही. कोष्टक कशासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

एका वाक्यापासून चार वाक्ये कशी होतात ते आधी पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. 'एखादा माणूस लोणारला राहत असेल तर तो बुलढाणा जिल्ह्यात राहतो.' हे खरे. याची दोन अंगे अदलाबदल केली की व्यत्यास मिळतो: 'बुलढाणा जिल्ह्यात राहत असेल तर तो लोणारला राहतो.' हे शेगावकराला ऐकवा, तो हसेल. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. आता जागा न बदलता दोन्ही अंगांना नकार लावा: 'लोणारला राहत नसेल तर जिल्ह्यातच राहत नाही.' हेही खोटे, आणि त्याच शेगावकरामुळे खोटे. शेवटी दोन्ही करा, अदलाबदलही आणि नकारही: 'बुलढाणा जिल्ह्यात राहत नसेल तर तो लोणारला राहत नाही.' हे पुन्हा खरे. मूळ विधान आणि हा उलट-नकार एकमेकांना बांधलेले आहेत. एक खरे तर दुसरे खरेच. व्यत्यास आणि नुसता नकार हेही एकमेकांना बांधलेले आहेत, पण मुळाशी त्यांचा करार नाही. मूळ खरे असून ते दोघे खोटे असू शकतात, किंवा योगायोगाने खरेही असू शकतात. पायथागोरसचे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास दोन्ही खरे आहेत. म्हणूनच युक्लिडने दोन्हींना वेगवेगळी सिद्धता दिली. पहिल्या पुस्तकातले 47वे विधान आणि 48वे विधान. एक सिद्ध झाले म्हणून दुसरे फुकट पदरात पडले, असे त्याने मानले नाही.

यातून अनुमानाच्या दोन वैध वाटा निघतात. पूर्वांग आहे, म्हणून उत्तरांग आहे. उत्तरांग नाही, म्हणून पूर्वांग नाही. ज्या दोन वाटा फसव्या आहेत त्या नेमक्या रहदारीच्या आहेत: उत्तरांग दिसते, म्हणून पूर्वांग असलेच पाहिजे, पूर्वांग नाही, म्हणून उत्तरांगही नसणार. विषयाचे व्याकरण इथे संपते. अर्ध्या तासात शिकवता येते. मग त्यावर अख्खे पुस्तक कशाला, असे कुणी विचारले तर त्याला मी लोणारच्या सरोवराकडे नेईन.

लोणारचे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे, बसाल्टच्या काळ्या खडकात कोरल्यासारखे. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, आणि पुढे दीडशे वर्षे ते कशाने झाले यावर वाद चालला. दख्खनचा सगळा पठारी प्रदेश लाव्ह्याचा, तेव्हा हे विवर ज्वालामुखीचेच असणार, हा पहिला आणि सोपा तर्क. तो कसा मांडला गेला ते पाहा: ज्वालामुखीचा स्फोट झाला तर गोल खळगा पडतो, इथे गोल खळगा आहे, म्हणून इथे ज्वालामुखीचा स्फोट झाला. फसवी वाट हीच. गोल खळगा इतर कारणांनीही पडतो.

पण या कथेतले सगळ्यात शिकवणारे पात्र लोणारला आलेच नव्हते. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा अमेरिकेचा अव्वल दर्जाचा भूवैज्ञानिक. ॲरिझोनातले एक गोल विवर उल्कापाताने झाले असावे का, हे तपासायला तो 1891 साली तिथे गेला. त्याने अटकळ बांधली नाही, कसोट्या बांधल्या. लोखंडी उल्का जमिनीत गाडली गेली असेल तर चुंबकसूची विचलित झाली पाहिजे. शिवाय उल्केने स्वतःची जागा व्यापली असेल तर कडेला उधळलेल्या मातीचे घनफळ खळग्याच्या घनफळापेक्षा जास्त भरले पाहिजे. त्याने मोजले. सूची हलली नाही. घनफळे जवळजवळ सारखी निघाली. म्हणजे दोन्ही उत्तरांगे खोटी. म्हणून पूर्वांग खोटे. म्हणून उल्का नाही, भूगर्भातल्या वाफेचा स्फोट. 1896 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रबंधात त्याने आपल्या लोणारचाही दाखला दिला, त्याच जातीचे विवर म्हणून.

अनुमानाचा आकार निर्दोष आहे. कुठलाही परीक्षक पूर्ण गुण देईल. आणि निष्कर्ष चुकीचा आहे. प्रचंड वेगाने येणारी उल्का आदळताच स्वतः वितळते, उधळते, बरीचशी वाफ होऊन जाते. जमिनीखाली लोखंडाचा गोळा शिल्लक राहत नाही. गिल्बर्टचे 'जर-तर'च खोटे होते, पुढची पायरी नव्हे. 1960 साली युजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांनी ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच तयार होणारे खनिज दाखवले. लोणारची पाळी 1973 साली आली. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी विवराच्या तळातून काढलेल्या खडकात मास्केलिनाइट दाखवले. फेल्डस्पार या खनिजाला आघाताचा जबर धक्का बसला की त्याची काच होते, ती ही. ज्वालामुखीत एवढा धक्का बसत नाही. इथे 'तर' नव्हे, 'तरच' हाती लागला: आघात झाला असेल तरच हे सापडते. अशा 'तरच'मुळे उत्तरांगाकडून पूर्वांगाकडे जाणारी एरवी बंद असलेली वाट उघडते. विज्ञान असे 'तरच' शोधत फिरते, आणि ते फार दुर्मिळ असतात.

लोणारच्या वयाबद्दल अजून एकमत नाही, आणि मला तो भाग विशेष आवडतो. एका पद्धतीने वय सुमारे 52 हजार वर्षे निघते, आर्गॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या 2011च्या मापनात सुमारे 5 लाख 70 हजार. फरक दहापटींहून जास्त. तरी एक अनुमान दोन्हींत टिकते. विवर दख्खनच्या लाव्ह्याच्या उद्रेकात झाले असते तर त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास असते. दोन्हींपैकी कुठलेही वय त्याच्या जवळपास नाही. म्हणून ते त्या उद्रेकातले नाही. आधारविधानाचा एक आकडा डळमळीत असूनही निष्कर्ष पक्का राहतो. आपल्याला किती माहीत असायला हवे आणि किती नसले तरी चालते, याचा हिशोब उलट-नकार असा करून देतो.

आता या विद्येच्या इतिहासाकडे. आपल्याकडे आणि ग्रीसमध्ये ती स्वतंत्रपणे वाढली, आणि दोन्हीकडे प्रश्न वेगळा होता.

नैयायिकाला, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडिताला, वाक्याच्या आकारात फारसा रस नव्हता. डोंगरावर धूर दिसतो. तिथे अग्नी आहे असे मी म्हणू शकतो का, आणि कशाच्या बळावर? हा त्याचा प्रश्न. बळ व्याप्तीचे: जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच अवयवांत तो हे दुसऱ्याला पटवून देई. उदाहरणे दोन्ही बाजूंची लागत. स्वयंपाकघरात धूर आहे आणि अग्नीही आहे, हा अन्वय. तलावात अग्नी नाही आणि धूरही नाही, हा व्यतिरेक. व्यतिरेक म्हणजे वर पाहिलेला उलट-नकारच, फक्त तो कागदावर न करता तलावाच्या काठावर करायचा. बौद्ध तार्किक दिङ्नागाने पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास हेतूची नऊ घरे आखली आणि त्यांतली कुठली खरी, कुठली फसवी ते दाखवले. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने आणखी खोल विचारले: हा संबंध केवळ आजवर दिसत आला म्हणून मानायचा, की त्यामागे कार्यकारणाची अगर स्वभावाची गाठ असली पाहिजे? चार्वाकांनी सगळ्यांचीच अडवणूक केली. सगळे डोंगर आणि सगळे धूर कुणी पाहिलेत? चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने नव्यन्यायाची भाषा घडवली, ती इतकी काटेकोर की आजही तिच्यापुढे भलेभले घाम पुसतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' मात्र नवशिक्यांसाठी होता आणि अजून आहे.

व्यत्यासाच्या चुकीचे निदान नैयायिकांनी फार सुंदर केले आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरे. मग जिथे अग्नी तिथे धूर का नाही? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग एरवी अग्नीसोबत धूर का दिसतो? कारण सरपण ओले असते. या ओल्या सरपणाला ते उपाधी म्हणत: मध्येच लपून बसलेली, न सांगितलेली अट. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तक व्यत्यासावर फुली मारून पुढे जाते. न्यायशास्त्र थांबून विचारते की तुला तो व्यत्यास खरा का वाटला, कुठली अट तुझ्या नजरेतून सुटली. पेरणीचे उदाहरण पुन्हा पाहा. शंभर मिलिमीटर पावसानंतर पेरलेले एरवी उगवते, जगते. कारण एरवी मागोमाग पुढचा पाऊस येतो. तो पुढचा पाऊस ही उपाधी. मला विचाराल तर शिकवणारा म्हणून मी या पद्धतीच्या बाजूचा आहे.

महाराष्ट्राने या परंपरेला चांगले हातभार लावले. भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' आजही अभ्यासकाच्या हाताशी असतो. 'तर्कसंग्रहा'ची यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची आवृत्ती 1897 साली मुंबई संस्कृत मालेत निघाली. विदर्भातून पुढे आलेल्या सुरेंद्र बारलिंगे यांनी 1965 साली भारतीय तर्कशास्त्राची आधुनिक ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. प्रदीप गोखले यांनी प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले अनुमान आणि हेत्वाभास यांवर 1992 साली ग्रंथ दिला. मराठीत तत्त्वज्ञानाची भाषा घडवण्यात मे. पुं. रेगे यांचा वाटा मोठा. दि. य. देशपांडे यांनी नागपुरातून 1990 साली 'आजचा सुधारक' सुरू करून विवेकवादी वादविवादाला मराठीत घर दिले. त्यांच्याही आधी, अकोल्याच्या शाळेत शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' लिहिले होते. सुधारक आगरकर सगळ्यांना ठाऊक आहेत. वाक्याचे अवयव सुटे करून पाहणारे आगरकर कमी लोकांना ठाऊक आहेत, आणि हे दोघे एकच गृहस्थ होते यात मला नवल वाटत नाही.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलचा भर 'सर्व', 'काही' अशा वाक्यांवर राहिला. 'जर-तर' हा मुख्य विषय केला तो मेगारा आणि स्टोइक पंथीयांनी. मेगारा पंथातल्या फिलोचे म्हणणे, पूर्वांग खरे आणि उत्तरांग खोटे एवढी एक स्थिती सोडली तर सशर्त विधान खरे मानावे. त्याचा गुरू डायोडोरस म्हणे, छे, अशी स्थिती कधीच संभवता कामा नये. हा वाद इतका गाजला की कॅलिमॅकस कवीने त्याची थट्टा केली. क्रिसिपसने स्टोइक तर्कशास्त्राची रचना पक्की केली, पण ते ग्रंथ बहुतेक नाहीसे झाले. दोन हजारांहून अधिक वर्षांनी, 1879 साली, गॉटलोब फ्रेगेने आधुनिक तर्कशास्त्राची पायाभरणी केली तेव्हा फिलोचाच अर्थ पुन्हा गादीवर बसला, आणि बारावीच्या कोष्टकात आपण तोच घोकतो.

त्या कोष्टकाची एक अडचण प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतेच. पूर्वांग खोटे असले की सगळे विधान खरे, हे कसे? 'लोणार नाशिक जिल्ह्यात असेल तर दोन अधिक दोन पाच' हे वाक्य खरे मानायचे? गणितापुरते हो, मानायचे. त्याने गणिताचे काम सोपे होते आणि काही बिघडत नाही. बोलीभाषेत मात्र बिघडते. 'वेळेवर पाऊस आला असता तर पीक आले असते' या वाक्याला मराठी व्याकरणात संकेतार्थ म्हणतात. मोरो केशव दामले यांच्या 1911च्या व्याकरणात त्याचा विचार आहे. इथे पूर्वांग खोटे असल्याचे बोलणाऱ्यालाच ठाऊक आहे, पाऊस आलेला नाही. कोष्टकाप्रमाणे मग हे वाक्य आपोआप खरे. पण मग 'वेळेवर पाऊस आला असता तर सोयाबीनला हापूस आंबे लागले असते' हेही आपोआप खरे! सी. आय. लुइस यांनी 1918च्या सुमारास अधिक कडक अर्थ सुचवला. रॉबर्ट स्टॉलनेकर यांनी 1968 साली आणि डेव्हिड लुइस यांनी 1973 साली निराळी वाट काढली: जे जग आपल्या जगापासून कमीत कमी बदलले आहे, फक्त तेवढा पाऊस आलेला आहे, तिथे पीक आले का ते पाहा. पॉल ग्राइस यांनी कोष्टकाची बाजू घेतली. वाक्य खोटे नाही, असे वाक्य उच्चारणे विचित्र आहे एवढेच. अर्नेस्ट ॲडम्स यांनी खऱ्या-खोट्याऐवजी संभाव्यतेने मोजायला सांगितले. हा वाद मिटलेला नाही. नवशिक्याने त्याला घाबरू नये, पण कोष्टक म्हणजे 'जर-तर'चा शेवटचा शब्द, असेही समजू नये.

माणसे प्रत्यक्षात कसा विचार करतात हा आणखी निराळा प्रश्न, आणि तो मानसशास्त्राने हाती घेतला. 1966 साली पीटर वेसन यांनी चार पत्ते मांडले. आपण ते मराठीत मांडू: अ, क, 4, 7. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला आहे का हे तपासायला कुठले पत्ते उलटावे लागतील? अ आणि 7. बरेच लोक अ आणि 4 सांगतात. बरोबर उत्तर देणारे दहात एकही भरत नाहीत. पण हाच प्रश्न दारू आणि वय यांच्या भाषेत मांडला, जसा ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी 1982 साली मांडला, तर बहुसंख्य लोक अचूक उत्तर देतात. आपल्या एसटीत ज्येष्ठांचे मोफत तिकीट हवे तर वय 75च्या वर असावे लागते. मेहकर आगाराच्या वाहकाला नियम तपासायला सांगा. मोफत तिकीटवाल्याचे तो वय पाहील आणि तरुण दिसणाऱ्याचे तिकीट पाहील. पैसे मोजून बसलेल्या आजोबांना त्रास देणार नाही. त्याला उलट-नकार कुणी शिकवलेला नाही. तर्क माणसाच्या अंगी नसतो असे नाही. ओळखीच्या नियमांपुरता तो चालतो, अनोळखी मजकुरापुढे अडखळतो.

अनोळखी मजकुरापुढे बुलढाणा जिल्हा अलीकडेच उभा ठाकला होता. डिसेंबर 2024च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल. बघता बघता कारणांची रांग लागली. पाणी, शांपू, बुरशी, आणि फोनवर फिरणारे बरेच काही. पाण्यात नायट्रेट जास्त आढळले, तेव्हा पाण्यावर बोट गेले. पण पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा आहे. पाणी इथे पिढ्यान्‌पिढ्या खारट. खाऱ्या पाण्याने आठवड्यात टक्कल पडत असते तर ते आधीही पडले असते, पट्ट्यातल्या इतर गावांतही पडले असते. तसे झाले नाही. एवढ्या तर्काने पाणी पूर्ण निर्दोष ठरत नाही, नवे काही त्यात मिसळले असू शकते, पण 'खारे पाणी' हे कारण मागे पडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, नमुने घेतले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. आता आकार पाहा: सेलेनियम जास्त झाले तर केस गळतात, केस गळाले, म्हणून सेलेनियम. एवढ्यावर थांबले असते तर ती फसवी वाटच. बावस्कर थांबले नाहीत. सेलेनियम असेल तर ते रक्तात, लघवीत, केसांत वाढलेले दिसले पाहिजे. ते तपासले, आणि वाढलेले दिसले. सेलेनियमची बाधा नखांवरही उतरते. पुढच्या काही महिन्यांत त्याच गावांतून नखे विद्रूप होऊन गळण्याच्या तक्रारी आल्या. एकेका उत्तरांगाने सिद्धता होत नाही. पण प्रत्येक उत्तरांग हे सपशेल आपटण्याची एक संधी होते, आणि तर्क आपटला नाही. त्याचे बळ यातून येते.

याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्ये, मध्ये खड्ड्यात चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, पानसुपारी. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय भिजले ते पाहून पावसाचे, पिकांचे, राजाचे भाकीत. पहाटेच्या त्या गर्दीत दूरदूरचे शेतकरी असतात, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते दरवर्षी आक्षेप घेतात. परंपरेची टिंगल करण्यात मला रस नाही; एवढे शेतकरी एका शेतात पहाटे जमतात त्यामागची काळजी खरी आहे. तर्काच्या विद्यार्थ्याने दोनच गोष्टी विचाराव्यात. ढेकूळ भिजले तर त्या महिन्यात पाऊस, या 'जर-तर'मागे कुठली व्याप्ती आहे? आणि 'कुठे कमी, कुठे जास्त' असे भाकीत असेल तर कुठला पाऊस पडला म्हणजे ते खोटे ठरेल? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उलट-नकार करायला जागाच उरत नाही. गिल्बर्ट चुकला होता, पण आपण चुकलो हे कळण्याची सोय त्याने स्वतःच करून ठेवली होती.

हा विषय आज का, तर आपले दिवस अटींनी भरले आहेत म्हणून. महाराष्ट्रात 2025च्या खरिपाआधी स्थानिक आपत्तीत नुकसान झाले तर पीकविम्यासाठी 72 तासांत कळवावे लागे. कळवले म्हणजे भरपाई मिळालीच असे नसे. न कळवले तर दावा अडे. हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा असते. त्या मर्यादेत बसलेला माल घेतलाच जाईल, असे कुठे लिहिलेले नसते. योजनांच्या जाहिराती आवश्यक अट पुरेशी असल्यासारखी सांगतात, आणि नाकारपत्रे कुठली अट सुटली ते सांगत नाहीत. शिवाय फोनवर येणारा निम्मा मजकूर 'उत्तरांग दिसले, म्हणून पूर्वांग' या एकाच साच्यातून निघालेला असतो.

पुस्तकाचा बेत सांगतो. आकार आणि आशय इथे वेगळे शिकवले आहेत आणि वेगळे तपासायला लावले आहेत. कारण माझा अनुभव असा की विद्यार्थी आकार शिकला की आशय तपासणे सोडतो, आणि सामान्य वाचक आशय पटला की आकार पाहत नाही. न्यायपरंपरा आणि फ्रेगेची परंपरा यांची कुस्ती लावलेली नाही. जिथे व्याप्ती आणि उपाधी यांनी काम लवकर होते तिथे त्या वापरल्या, जिथे कोष्टकाने होते तिथे कोष्टक. पारिभाषिक शब्द शालेय पुस्तकांतलेच ठेवले; उलट-नकार हा एक शब्द मात्र सोयीसाठी माझा. उदाहरणे शक्य तितकी वऱ्हाडातली आहेत: बाजार समिती, रेशन, शाळेचा दाखला, नवस, निवडणूक. संभाव्यतेचे तर्कशास्त्र आणि संकेतार्थाचे आधुनिक सिद्धांत यांना फक्त हात लावला आहे. त्यांना न्याय द्यायला गणित अधिक लागते.

ज्यांना बारावीच्या परीक्षेची घाई आहे त्यांनी कोष्टकांच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. बाकीच्यांनी क्रमाने वाचावे. स्वाध्यायांची उत्तरे शेवटी दिली आहेत, लोणारच्या वयाचा प्रश्न सोडून. तिथे दोन्ही मापने आणि त्यांच्या पद्धती दिल्या आहेत. कुठल्या निष्कर्षाला कुठले वय लागते आणि कुठल्याला दोन्ही चालतात, ते वाचकाने लिहायचे आहे.